टाक्यांविना फिस्टुला: छेद लहान, हिशेब लांबचा

सकाळची पहिली पाळी. डायलिसिसच्या खोलीतल्या खुर्च्या भरत आल्या आहेत, वजनं घेऊन झाली आहेत. तंत्रज्ञ समोरच्या रुग्णाच्या डाव्या मनगटावर तीन बोटं टेकवतो आणि क्षणभर थांबतो. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते तशी बारीक थरथर त्याच्या बोटांना लागते. "थ्रिल आहे," एवढंच म्हणून तो सुया उघडतो. ती थरथर लागली नाही, तर आजचा दिवस वाया. यंत्र तयार, पाणी शुद्ध, माणूस हजर. पण शरीरातलं रक्त यंत्रापर्यंत न्यायला रस्ताच नाही.

मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल बोलताना आपण यंत्राबद्दल बोलतो, प्रत्यारोपणाबद्दल बोलतो, खर्चाबद्दल तर बोलतोच. या रस्त्याबद्दल मात्र क्वचितच. डायलिसिसवर असलेल्या माणसाला विचारा, तो आधी रस्त्याचीच तक्रार सांगेल: फिस्टुला बंद पडला, सुई लागत नाही, मानेतल्या नळीमुळे थंडी वाजून ताप आला. गेल्या दहा वर्षांत हा रस्ता चाकू न चालवता, नुसत्या सुईच्या छिद्रातून तयार करण्याची तंत्रं आली आहेत. ती काय आहेत, त्यांनी खरोखर काय साधलं आणि आपल्याकडच्या रुग्णाला त्यांतून काय घेता येईल, याचा हा आढावा.

रस्ता लागतोच कशाला?

यंत्राला मिनिटाला २५० ते ४०० मिलिलिटर रक्त लागतं, तेही सलग चार तास आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा. हातावर दिसणाऱ्या शिरेत एवढा प्रवाह नसतो. जोरात ओढलं तर ती चिकटून बसते. धमनीत दाब भरपूर असतो, पण ती खोल असते आणि तिला वर्षानुवर्षं जाड सुया टोचणं धोक्याचं. शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत सांगायचं तर रोहिणीत जोर आहे पण हात पोचत नाही, नीला हाताशी आहे पण तिच्यात जोर नाही. दोघींना जोडलं की धमनीचा जोर शिरेत उतरतो. शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि तीच पुढे सुया घ्यायला तयार होते. हा जोड म्हणजे फिस्टुला. मनगटाजवळच्या धमनीतून एरवी मिनिटाला जेमतेम २०–३० मिलिलिटर रक्त जातं. जोड दिल्याबरोबर ते दहापट होतं आणि काही आठवड्यांत ६०० च्या पुढे जातं.

ही कल्पना सुचायला डायलिसिसच्या जन्मानंतर वीसेक वर्षं जावी लागली. नेदरलँडमधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये आपलं फिरत्या पिंपाचं यंत्र पहिल्यांदा रुग्णाला जोडलं. दर वेळी नव्या रक्तवाहिनीत काचेची नळी घालावी लागे, आणि वापरलेली रक्तवाहिनी पुन्हा कामाची राहत नसे. यंत्र चालत होतं. रक्तवाहिन्या संपत होत्या. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या धमनीत आणि शिरेत कायमच्या बसवून त्यांची टोकं हाताबाहेर यू-आकाराच्या तुकड्याने जोडून ठेवली. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षं जगला. दीर्घकाळचं डायलिसिस शक्य आहे, हे जगाला तेव्हा कळलं. पण बाहेर लोंबणाऱ्या नळीत गुठळी होई, जंतू शिरत, आणि दर दुरुस्तीला धमनीचा थोडा भाग कायमचा जाई.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जेम्स सिमिनो आणि मायकेल ब्रेशिया यांना परकी नळीच नको होती. आधी त्यांनी दंडाला पट्टा बांधून फुगवलेल्या साध्या शिरेतूनच डायलिसिस करून पाहिलं. पुढचं पाऊल म्हणजे शिरेला धमनीचा जोर देणं. जखमेमुळे धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या गेल्याची उदाहरणं वैद्यकाला ठाऊक होतीच. जो अपघात होता, तो त्यांनी मुद्दाम घडवायचं ठरवलं. केनेथ अ‍ॅपेल या सर्जननी १९६५ मध्ये मनगटाजवळचा तो जोड शिवला आणि १९६६ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आज साठ वर्षांनंतरही जगातल्या अनेक फिस्टुल्यांचा आराखडा तोच आहे.

सोन्याचा फिस्टुला, पण पिकला तर

चालू लागलेल्या फिस्टुल्याला तोड नाही. जंतुसंसर्ग कमी, वर्षानुवर्षांची सोबत, आणि शरीरात परकं काही नाही. अडचण "चालू लागलेल्या" या शब्दांत आहे. अमेरिकेत नऊ केंद्रांमधल्या ८७७ रुग्णांवर क्लोपिडोग्रेल या गुठळीरोधक गोळीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. गोळीने सुरुवातीच्या गुठळ्या कमी केल्या: १९.५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर. पण डायलिसिसला प्रत्यक्ष वापरता येईल असा फिस्टुला ना गोळी घेणाऱ्यांना जास्त मिळाला, ना न घेणाऱ्यांना. दोन्ही गटांत साधारण ६० टक्के फिस्टुले ठरलेल्या मुदतीत कामाचे झाले नाहीत.

या चाचणीने एक समजूत मोडली. गुठळी हा शेवट असतो. दुखणं त्याआधीच सुरू झालेलं असतं. शस्त्रक्रियेत शीर आजूबाजूच्या ऊतींपासून सोडवून, वळवून धमनीपाशी आणावी लागते. त्यात तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात, वळणावर पीळ किंवा मुरड पडते. जोडातून येणारा प्रवाह तिथे घुसळतो, आतल्या अस्तराच्या पेशी वाढू लागतात आणि जोडाला लागूनच शीर अरुंद होते. सर्जनच्या हातात कितीही कसब असलं, तरी हाताळणी होतेच.

सुईच्या छिद्रातून फिस्टुला करण्यामागचा तर्क इथून निघतो. शिरेला जागेवरून हलवलंच नाही, टाका घातलाच नाही, ती जिथे धमनीला खेटून आहे तिथेच आतून दार पाडलं, तर हा त्रास टळेल का?

निसर्गाने तयार ठेवलेली जागा

असं खेटलेपण मनगटापेक्षा कोपराखाली सहज सापडतं. कोपराच्या खळगीत वरच्या आणि खोल शिरांना जोडणारी एक आखूड शीर असते, तिला छिद्रक शीर म्हणतात. ती खाली उतरताना अग्रबाहूच्या धमनीच्या अगदी जवळून जाते. या शिरेचा उपयोग करून १९७७ मध्ये ग्रात्स आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेचा एक प्रकार सांगितला होता, त्यामुळे जागा सर्जनांच्या ओळखीची होती. नवं होतं ते तिथे आतल्या आत पोचण्याचं तंत्र. यात दोन यंत्रणा पुढे आल्या आणि दोन्हींना जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली.

पहिली एलिप्सिस. तिचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. रुग्णाचा हात टेबलावर पसरलेला, दंडाची जागा बधिर केलेली, कोपरावर सोनोग्राफीचा प्रोब. डॉक्टर कोपरापाशी वरच्या शिरेत सुई घालतात आणि पडद्यावर तिचं टोक पाहत पाहत छिद्रक शिरेतून खाली नेतात. पडद्यावर दोन काळी वर्तुळं शेजारी दिसतात: एक दाबल्यावर सपाट होतं, ती शीर; दुसरं ठोक्यासरशी उडतं, ती धमनी. दोघींमधलं अंतर दीड मिलिमीटरच्या आत आणि प्रत्येकीची रुंदी किमान दोन मिलिमीटर असेल, तरच हा खेळ जमतो. सुई शिरेच्या भिंतीतून निघून धमनीत शिरते, तिच्यामागून तार जाते आणि तारेवरून एलिप्सिसची नळी. नळीचा पुढचा तुकडा धमनीत, मागचा शिरेत, दोन्ही भिंती मध्ये चिमटलेल्या. मग दाब आणि उष्णता देऊन भिंती एकमेकींना चिकटवल्या जातात आणि मधोमध लंबगोल वाट उघडते. शेवटी लहान फुगा फुगवून जोड थोडा रुंद करतात. नळी काढली की बोटाने दाबून धरायचं, पट्टी लावायची, टाका नाही. अनुभवी हातांना अर्धा तासही लागत नाही, आणि क्ष-किरणांची गरज पडत नाही.

दुसरी वेव्हलिंक. हिच्यात दोन नळ्या असतात, एक धमनीत आणि एक तिच्या शेजारच्या खोल शिरेत. दोन्हींच्या टोकांपाशी चुंबकं आहेत. क्ष-किरणांच्या पडद्याखाली त्या समोरासमोर आल्या की चुंबकं एकमेकांना ओढून भिंती चिकटवतात, एका नळीतलं बारीक टोक रेडिओलहरींच्या ऊर्जेने सेकंदाच्या आत भिंत छेदतं आणि वाट उघडते. त्यानंतर रक्त खोल शिरांमध्ये निसटून जाऊ नये म्हणून दंडातली एक खोल शीर बारीक तारेच्या गुंडाळीने बंद करतात. पहिल्या पिढीची नळी जाड होती आणि ती दंडातल्या मोठ्या धमनीतून घालावी लागे. पुढची बारीक झाली, त्यामुळे मनगटाच्या बाजूनेही जाता येऊ लागलं. एलिप्सिसला फक्त एक जागा चालते, वेव्हलिंकला अग्रबाहूतल्या दोन जोड्यांपैकी कोणतीही. पण वेव्हलिंकला क्ष-किरणांची खोली लागते आणि थोडा रंगद्रवही. ज्यांचं मूत्रपिंड अजून थोडं काम करत आहे, त्यांच्या बाबतीत या रंगद्रवाचा विचार करावा लागतो.

आकडे काय सांगतात

वेव्हलिंकचा पहिला मानवी प्रयोग पॅराग्वेत झाला. टोरोंटोचे धीरज राजन आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांवर केलेल्या त्या अभ्यासात ३२ जणांमध्ये जोड तयार झाला. त्यानंतरचा 'नीट' नावाचा मोठा अभ्यास कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९८ टक्के रुग्णांमध्ये जोड बनला आणि तीन महिन्यांत ८७ टक्के फिस्टुले सोनोग्राफीच्या निकषांवर योग्य ठरले. बारा महिन्यांनी दुरुस्तीसह ८४ टक्के चालू होते.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मात्र सावध करतो. डायलिसिस घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांनाच तो फिस्टुला खुर्चीत बसून, दोन सुया टोचून वापरता आला. ८७ आणि ६४ यांच्यात जे पडतं, ते समजून घेतल्याशिवाय या तंत्राबद्दल मत बनवू नये. सोनोग्राफीच्या पडद्यावर पिकलेला फिस्टुला आणि तंत्रज्ञाच्या बोटांना सापडणारा फिस्टुला एक नव्हेत. कोपराखालच्या जोडातून रक्त वरच्या दोन शिरांत आणि खोल शिरांतही विभागलं जातं. प्रवाह भरपूर असतो, पण एका शिरेत एकवटत नाही. शीर मनगटाच्या फिस्टुल्यासारखी दोरासारखी वर येत नाही. त्यामुळे सुई टोचणाऱ्याला सोनोग्राफीची मदत लागते, आणि कधी शीर वर आणायला शस्त्रक्रियाही.

एलिप्सिसच्या अमेरिकेतल्या मुख्य चाचणीतही चित्र याच वळणाचं आहे. व्हर्जिनियातल्या रिचमंडचे जेफ्री हल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या १०७ रुग्णांच्या अभ्यासात ९५ टक्क्यांत जोड झाला आणि नव्वद दिवसांत सुमारे ८६ टक्के फिस्टुले प्रवाहाच्या आणि रुंदीच्या निकषांना उतरले. तिथे पोचण्यासाठी मात्र ७२ टक्के रुग्णांना जोडावर फुगा फुगवावा लागला, जवळजवळ एक-तृतीयांश जणांच्या खोल शिरा बंद कराव्या लागल्या आणि चौथ्या हिश्श्याला शीर हलवण्याची शस्त्रक्रिया लागली. पॅरिसमध्ये अलेक्झांड्रोस मॅलिओस आणि सहकाऱ्यांनी जोडाबरोबरच त्याच बैठकीत फुगा फुगवण्याची पद्धत रुळवली आणि सव्वादोनशेहून अधिक रुग्णांचा अनुभव २०२० मध्ये मांडला. जोड ९९ टक्क्यांत झाला. एका वर्षाने ९६ टक्के फिस्टुले चालू होते, पण पुन्हा हात न लावता चालू राहिलेले ५४ टक्के.

शस्त्रक्रियेच्या फिस्टुल्यालाही दुरुस्त्या लागतातच, म्हणून हे आकडे एकट्याने वाचून सुईच्या तंत्राला नापास करता येत नाही. मोठ्या प्रमाणावर चिठ्ठ्या टाकून रुग्ण दोन गटांत वाटले आहेत, अशी तुलना झालेली नाही. ज्या तुलना आहेत, त्या बहुतेक जुन्या नोंदी चाळून केलेल्या. त्यांतले निकाल कधी सुईच्या बाजूने, कधी चाकूच्या. ज्या केंद्रात जे जास्त केलं जातं, तिथे ते चांगलं होतं, असंही त्यांतून दिसतं.

एक फायदा मात्र दोन्ही यंत्रणांच्या बाजूने ठामपणे मांडता येतो. जोड लहान आणि त्याची रुंदी ठरलेली असल्याने प्रवाह बेसुमार वाढत नाही. दंडावरच्या शस्त्रक्रियेच्या फिस्टुल्यात कधी इतकं रक्त शिरेत वळतं की पंजा उपाशी राहतो, बोटं गार पडतात, दुखतात. हृदयावरही भार येतो. मधुमेह असलेल्या, धमन्या कडक झालेल्या रुग्णाला हा धोका जास्त. ज्यांच्या मनगटाच्या वाहिन्या गेल्या आहेत आणि थेट दंडावर जावं लागेल अशी वेळ आली आहे, त्यांच्यासाठी कोपराखालचा हा सुईचा जोड मधली एक पायरी मिळवून देतो. पायऱ्या मोजक्याच असतात. एक वाढणं म्हणजे काही वर्षं वाढणं.

छेद कमी करायचे इतर मार्ग

पुढचे छेद टाळायचे म्हणजे नवं उपकरणच हवं, असं नाही. ग्लासगोच्या सर्जननी मनगटाच्या आणि कोपराच्या नेहमीच्याच शस्त्रक्रियेत फक्त बधिर करण्याची पद्धत बदलून पाहिली. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. १२६ रुग्णांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले: निम्म्यांना जखमेपाशी इंजेक्शन, निम्म्यांना काखेजवळच्या मज्जातंतूंच्या जुडग्यात. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ६२ टक्के फिस्टुले चालू होते, दुसऱ्यातले ८४ टक्के. जुडगं बधिर झालं की वाहिन्यांची आकुंचन पावण्याची ओढही सुटते, धमनी सैल आणि रुंद होते. नवं यंत्र नाही, वेगळा छेद नाही. हवेत सोनोग्राफीचा प्रोब आणि भूलतज्ज्ञाची वीस मिनिटं. या एका अभ्यासाला आपल्याकडे मिळायला हवं तितकं लक्ष मिळालेलं नाही, असं मला वाटतं.

न पिकणारा फिस्टुला फुग्याने हळूहळू रुंद करत नेणं हा दुसरा मार्ग. तयार फिस्टुल्यात पुढे अरुंदपणा आला, तर औषध लावलेला फुगा वापरता येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी अशा फुग्याने रुंद केलेली ८२ टक्के जागा मोकळी राहिली, साध्या फुग्याने ६० टक्क्यांच्या आसपास. शिरा पार संपलेल्यांसाठी पॉलिमरची नळी त्वचेखाली बसवतात. ती १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि आता काही प्रकार एक-दोन दिवसांत टोचता येतात. मानेतल्या मोठ्या शिराही बंद झाल्या असतील, तर आतून बाहेर वाट काढत नळी बसवायचं उपकरण २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झालं. आणि रक्तवाहिनीचा प्रश्नच बाजूला ठेवणारा पोटातल्या डायलिसिसचा पर्यायही आहे. त्याची मऊ नळी सुई आणि तारेच्या मदतीने, जागा बधिर करून, नेफ्रॉलॉजिस्टलाही बसवता येते.

सगळ्यात लहान छेदाचा सापळा

छेदाच्या आकारावरच गुण द्यायचे ठरवले, तर पहिला नंबर मानेतल्या नळीचा लागेल. वीस मिनिटांत बसते, त्याच दिवशी डायलिसिस सुरू, सुया टोचायच्या नाहीत. म्हणूनच ती इतकी सहज बसवली जाते आणि इतकी अवघड काढली जाते. त्वचेखालून बोगदा करून बसवलेली 'परमकॅथ' असली, तरी तिच्यावाटे रक्तात जंतू जाण्याचा धोका फिस्टुल्याच्या कितीतरी पट जास्त असतो. नळी राहते त्या मोठ्या शिरेच्या भिंतीला खरचटत राहतं. काही महिन्यांनी ती शीर अरुंद झाली, की त्याच बाजूच्या हातावर पुढे केलेला फिस्टुला सुजून येतो. नळीने फक्त मान घेतलेली नसते, पुढचा हातही घेतलेला असतो.

अमेरिकेने २००३ मध्ये 'फिस्टुला फर्स्ट' ही मोहीम काढली आणि फिस्टुला असलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावरून साठ टक्क्यांच्या वर नेलं. तरीही तिथले जवळजवळ ऐंशी टक्के रुग्ण पहिलं डायलिसिस नळीवरच घेतात. इतकं तंत्रज्ञान, इतकी यंत्रणा असून असं का? कारण फिस्टुला कोणत्याही पद्धतीने केला, तरी पिकायला आठवडे लागतात, आणि ते आठवडे आधी मिळावे लागतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी सूर बदलला. प्रत्येकाला फिस्टुलाच, हा आग्रह सोडून त्यांनी रुग्णाच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा आधी बनवा असं सांगितलं: प्रत्यारोपण होणार आहे का, वय काय, कोणत्या शिरा शिल्लक आहेत, पहिला रस्ता बंद पडला तर दुसरा कोणता. पंचाऐंशी वर्षांच्या थकलेल्या आजोबांना आणि तिशीतल्या तरुणीला एकच उत्तर देता येत नाही.

आपल्या गावी

महाराष्ट्रात डायलिसिस जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलं आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना यांमुळे यंत्रापर्यंत जाणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. रस्त्याची गोष्ट मात्र मागे राहिली. पहिलं डायलिसिस बहुधा रात्री-बेरात्री, धाप लागलेल्या अवस्थेत आणि मानेतल्या नळीवर होतं. फिस्टुल्याचा विषय त्यानंतर निघतो.

आपल्याकडे मनगटाचा फिस्टुला बहुतेक ठिकाणी जागेपुरती भूल देऊन, तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून होतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. म्हणजे चाकूचा आपला फिस्टुला मुळातच फार मोठी शस्त्रक्रिया नाही. त्याच्या जागी सुईचा फिस्टुला आणला, तर छेदाचे तीन सेंटिमीटर वाचतात. त्या बदल्यात एकदाच वापरून टाकायचं महाग उपकरण, दोन-तीन सोनोग्राफ्या, कदाचित फुग्याची फेरी आणि सोनोग्राफी पाहून टोचू शकणारा तंत्रज्ञ लागतो. तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोनदा एसटीने जिल्ह्याला येणाऱ्या माणसाचा हिशेब सेंटिमीटरचा नसतो, फेऱ्यांचा असतो. त्याला विचारायचा प्रश्न असा: या उपायाने मला टेबलावर एकूण किती वेळा झोपावं लागेल, आणि मानेतली नळी किती दिवस राहील? मनगटाच्या शिरा शाबूत असतील, तर उत्तर आजही बहुतेक वेळा ब्रेशिया-सिमिनोंच्याच बाजूने येतं. मनगट गेलं असेल, मधुमेह असेल, पंजाला रक्त कमी पडायची भीती असेल, आणि हे काम सतत करणारं केंद्र हाताशी असेल, तिथे सुईचा जोड आपली किंमत वसूल करतो.

त्याआधी करता येण्यासारखं स्वस्त काम बरंच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हातांच्या शिरांचा डॉप्लरने नकाशा काढणं. जमेल तिथे काखेतून बधिर करणं. आणि चार-सहा आठवड्यांनी फिस्टुला एकदा कसून तपासणं. या तपासणीला यंत्रही लागत नाही. फुगलेली शीर डोळ्यांनी बघायची, मग हात डोक्याच्या वर उचलायला सांगायचा. शीर ढिली पडून सपाट झाली, तर पुढचा रस्ता मोकळा आहे. तशीच टम्म राहिली, तर वर कुठेतरी अडथळा आहे. थरथरीच्या जागी नाडीसारखा ठोका लागत असेल, तरी तीच शंका. ही परीक्षा डायलिसिसच्या खोलीतला कोणीही दोन मिनिटांत शिकू शकतो, आणि अडथळा वेळेत सापडला तर फुग्याने सुटतो. मग रुग्णाला सांगायच्या गोष्टी: त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नको, हात उशाखाली घेऊन झोपू नका, रबरी चेंडू दाबत राहा, आणि रोज सकाळी दुसऱ्या हाताच्या बोटांनी थरथर बघा. ज्या दिवशी ती लागणार नाही, त्या दिवशी पुढच्या पाळीची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

रस्ता टोचण्याआधीचा

पण यांपैकी प्रत्येक पर्यायाला, चाकूचा असो की चुंबकाचा, एक गोष्ट शाबूत लागते: शीर. एलिप्सिसला दोन मिलिमीटरची शीर हवी, वेव्हलिंकला हवी, सर्जनलाही हवी. आणि ती संपते कुठे? बहुतेक वेळा डायलिसिसच्या खोलीत नाहीच. क्रिएटिनिन चढत चाललेला माणूस ताप आला, जुलाब झाले, म्हणून दवाखान्यात भरती होतो. नर्स दंडाला पट्टा बांधते, अग्रबाहूवर टपटपते, उठून आलेली सरळ शीर पाहून खूश होते आणि सलाईनची सुई तिथेच घालते. तीन दिवसांनी ती जागा लालसर, दोरीसारखी कडक होते. पुढची सुई थोडी वर. अशा दोन-तीन भरत्या झाल्या, की ज्या शिरेत पुढे वर्षानुवर्षं रक्त खेळायचं होतं, तिच्यात वण राहतात. अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये टाळायच्या पाच गोष्टींची यादी काढली, तिच्यात मूत्रपिंडाचा आजार बळावलेल्यांना विचारल्याशिवाय हातातून छातीपर्यंत जाणारी लांब नळी घालू नका, ही एक होती.

मूत्रपिंडाचा आजार तिसऱ्या टप्प्यात गेला, की केसपेपरवर ठळक अक्षरांत एक ओळ लिहायला काही खर्च येत नाही: डावा हात राखून ठेवा; सुई लागलीच तर पंजाच्या मागच्या बाजूला. घरच्या माणसानेही ती पाठ करावी, आणि नर्सने पट्टा हातात घेतला की न बिचकता म्हणावी. नवीन तंत्रं चांगली आहेत, आणखी चांगली होतील. पण त्यांच्यातलं कोणतंही, सलाईनने जाळलेल्या शिरेत दोन मिलिमीटर परत आणू शकत नाही. ती आधी कोणीतरी पंजाच्या मागे सुई टोचून वाचवलेली असावी लागते.